जयापुराहून मेदानला

तिउर्माने नवऱ्याचं घर सोडलं ते भर सकाळी, समोरच्या शेजारणीला हाक मारून. "लास्माला दाताच्या डॉक्टरकडे नेतेय गं," ती म्हणाली. शेजारीण उत्तरली, "चॉकलेटं कमी आणा म्हणावं तिच्या बापाला." दोघी हसल्या. तिउर्माच्या खांद्यावरची पिशवी दाताच्या डॉक्टरसाठी जरा मोठीच होती, ते शेजारणीच्या लक्षात आलं नाही.

तिचा नवरा पार्लिन मानुरुंग याचं जयापुराजवळ आबेपुराला मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माल भरायला तो जकार्ताला गेला होता, शनिवारी परतणार होता. चर्चच्या गाणाऱ्यांत त्याचा गळा सगळ्यांत गोड. बाहेर त्याने कुणाला अरेतुरे केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. घरातही तो कधी ओरडायचा नाही. आधी शांतपणे दाराला आतून कडी लावायचा. त्या कडीचा आवाज आला की पाच वर्षांची लास्मा मुकाट्याने टेबलाखाली जाऊन बसायची.

तिउर्माचं माहेर मेदानला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आईबाप राहिले नव्हते. होते ते तुलांग, आईचे सख्खे भाऊ. मेदानकडच्या बटाक लोकांत तुलांग म्हणजे देवाच्या खालोखाल. त्यांना तिने कोपऱ्यावर सुपारी विकणाऱ्या योसिना मावशीच्या मोबाइलवरून एकदाच फोन केला होता. तिने सगळं सांगितलं. मग तुलांग म्हणाले, "ये पोरी. मी विमानतळावर उभा असेन."

तिकीटही योसिना मावशीनेच काढून आणलं आणि सेन्तानीच्या विमानतळावर भाच्याच्या गाडीतून पोचवलं. सेन्तानी ते मकासर साडेतीन तास. तेच विमान पुढे अडीच तासांत जकार्ता. तिथे विमान बदलायचं आणि पुन्हा अडीच तासांनी मेदान. जकार्ता हे नाव वाचून तिउर्माने तिकीट परत मावशीपुढे धरलं होतं. मावशी सुपारीची लाल पिंक टाकून म्हणाली होती, "अगं, एवढं थोरलं शहर ते. तो बाजारात, तू आभाळात. कुठे भेटताय एकमेकांना?"

विमानात ती खिडकीशी लास्माला घेऊन बसली. पिशवी वरच्या कप्प्यात गेली. ओळखपत्र आणि लास्माचा जन्मदाखला तिने पोटाशी कापडी पट्ट्यात बांधला होता. शेजारी एक कॉलेजातला मुलगा होता. दार बंद व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला.

"होरास, इनांग! मी मघाशी बाहेरूनच ओळखलं. म्हटलं, ही तर आपली मानुरुंगची मंडळी!"

बटाक रीतीने रामराम घालून बाईमाणसाला 'इनांग' म्हणणारे ते आमांग सियाहान, सगळ्यांचे काका. चर्चमधले सगळ्यांत वडीलधारे. लास्माच्या बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातात धरलं होतं. त्यांनी कॉलेजातल्या मुलाला आपल्या पुढच्या जागेवर धाडलं, स्वतः तिउर्माच्या शेजारी ऐसपैस बसले आणि खिशातून लास्मासाठी आल्याची गोळी काढली.

"मी जकार्तापर्यंत आहे. थोरल्याकडे नातू झालाय. आता काळजी करू नकोस. लेकराला घेऊन एकटी बाई, म्हणजे काय चेष्टा आहे?"

"थँक्यू, आमांग," ती म्हणाली. विमान धावू लागलं, वर उठलं, सेन्तानीचं तळं तिरकं होऊन खाली गेलं. लास्माने बूट काढून पाय वर घेतले. तिउर्मा मनाशी म्हणत होती, म्हातारं माणूस आहे, बोलेल आणि झोपेल. जकार्ताला त्यांचा मुलगा घ्यायला येईल, आपण आपल्या वाटेने जाऊ.

पण आमांग झोपणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नातवाचं वजन सांगितलं, सुनेचा स्वयंपाक सांगितला. मग त्यांना प्रवासाचीच गोडी लागली. "तू मेदानची ना? सरळ रेघ मारली तर इथून साडेचार हजार किलोमीटरच्या वर आहे बरं! आणि जकार्ताचा वळसा घातला की पाच हजारांच्या पार. आम्ही तरुणपणी बोटीने यायचो, दोन दोन आठवडे. ओकून ओकून आतडी तोंडात यायची. आता बघ, सकाळी निघालं की संध्याकाळी तुलांगच्या दारात." ते थांबले आणि गालात हसले. "पण तुला काही मेदानला जायचं नाहीये, हो की नाही?"

तिउर्माने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हणजे?"

"आता लपवतेस कशाला? पार्लिन म्हणालाय, तिला काही कळू देऊ नका. पण मला मेलं पोटात काही राहत नाही." आमांगनी मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "रांगेत तुला पाहिलं तसं लगेच त्याला कळवलं मी. म्हटलं, तुझी बायको आणि लेक माझ्याच विमानात आहेत, निश्चिंत राहा. लगेच उत्तर आलं त्याचं. हे बघ."

तिउर्माने वाचलं. 'फार उपकार झाले, आमांग. माझ्या बायकोला मला चकित करायचं आहे वाटतं. तिला काही बोलू नका. तिला एकटीला सोडू नका. मी विमानतळावर दारातच उभा असेन.'

तिला अक्षरं दिसत होती आणि त्यांच्यामागे पार्लिनचा शांत आवाज ऐकू येत होता. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला इतकी वर्षं घरात कळलं होतं. पण घराला निदान मागचं दार होतं. इथे खाली समुद्र, वर आभाळ, आणि विमान तिला एका सरळ रेघेत त्याच्याकडे नेत होतं. त्याला धावाधाव करायची गरज नव्हती. अंघोळ करून, नाश्ता करून, टॅक्सीने सावकाश आला तरी त्याच्या हातात वेळ उरणार होता. आणि जकार्ताला ती कशीबशी निसटली तरी काय? मेदानचं विमान तिथून तासातासाला सुटतं. तो तिच्याआधी तुलांगच्या दारात पोचला असता.

"आमांग," ती हळूच म्हणाली, "मी त्याच्याकडे जात नाहीये. मी त्याच्यापासून जातेय."

आमांगनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"भांडलात?"

"तो मारतो मला. दाराला कडी लावून."

"पार्लिन?" ते जवळजवळ हसलेच. "अगं, तो मुंगीसुद्धा..." मग गंभीर झाले. तिच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात उबदार होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. "हे बघ, इनांग. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. माझीही पहिली दहा वर्षं काय गोडीगुलाबीत गेली नाहीत. पळून कुणाचं भलं झालंय? तू काही बोलू नकोस त्याला. मी आहे ना. जकार्ताला मी तुझा हात त्याच्या हातात देईन, दोन शब्द त्याला सुनवीन, तिथेच उभं राहून प्रार्थना करू. मी तुला सोडून कुठे जायचा नाही."

आणि त्यांनी डोळे मिटून तिथेच प्रार्थना सुरू केली. तिच्या घरासाठी, तिच्या नवऱ्यासाठी, तिच्या सहनशक्तीसाठी. त्यांचा हात अजून तिच्या हातावर होता. त्या हाताची तिउर्माला जेवढी भीती वाटली, तेवढी पार्लिनच्या हाताचीही कधी वाटली नव्हती. पार्लिनपासून पळता येत होतं. या भल्या माणसापासून कसं पळायचं?

प्रार्थना संपली तशी ती म्हणाली, "लास्माला सूला न्यायचंय."

"मला नाही आली," लास्मा म्हणाली.

"आली आहे," तिउर्मा म्हणाली आणि तिला अनवाणीच कडेवर घेऊन मागे गेली.

विमानाच्या शेपटीकडे, स्वच्छतागृहाच्या बाजूला पडद्याआड एक हवाई सुंदरी ट्रे आवरत होती. चाळिशीची, छातीवर नावाची पट्टी: तेन्री. तिउर्माने बोलायला तोंड उघडलं आणि तिला वाक्यच जुळेना. शेवटी जे आलं ते असं: "मला जकार्ताच्या आधी उतरवा."

"इबू, बस नाहीये ही," तेन्री म्हणाली. मग तिचा चेहरा पाहून हातातला ट्रे खाली ठेवला. "काय झालं?"

तिउर्माने सांगितलं. तेन्रीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "वाईट वाटतं हो. पण घरच्या भांडणात आम्हाला पडता येत नाही. मकासरला पोलीस आहेत, त्यांना सांगा."

"ते नवऱ्याला फोन लावतील."

तेन्रीने पुन्हा ट्रे उचलला. तेवढ्यात लास्माने पडद्याजवळच्या घडीच्या टेबलाला हात लावला, खाली वाकून पाहिलं, आणि आईला कौतुकाने म्हणाली, "ओमाक, हे आपल्या टेबलापेक्षा लहान आहे. याच्याखाली आपण दोघी मावणार नाही. एकीलाच बसावं लागेल."

तेन्रीने पोरीकडे पाहिलं, मग पडदा नीट ओढून घेतला.

"सामान विमानाच्या पोटात दिलंय?"

"नाही. पिशवी वरच्या कप्प्यात आहे. त्यांच्या डोक्यावर."

"कागदपत्रं?"

तिउर्माने पोटावर हात ठेवला.

"मग पिशवीला विसरा. घ्यायला गेलात तर ते सोबत उठतील. पोरीला उलटी होतेय म्हणून मी तुम्हाला इथेच शेवटच्या रांगेत बसवते. उतरल्यावर मागचं दार उघडेल, शिडी लागेल. पहिल्या तुम्ही. खाली बस उभी असते, चढायचं आणि वळून बघायचं नाही. आत गेल्यावर पुढच्या प्रवासाची रांग डावीकडे, बाहेर जायचं दार सरळ. सरळ जा." ती क्षणभर थांबली. "माझी आई मारोसला राहते, विमानतळापासून जवळच. दार उघडलं की मी तिला फोन लावते. बायकांच्या नमाजाच्या खोलीपाशी थांबा. ती येईल."

"तुम्ही माझ्यासाठी एवढं..."

"आधी उतरा तर," तेन्री म्हणाली.

पिशवीत लास्माचे कपडे होते आणि उलोस होतं, लग्नात आईने दोघांच्या खांद्यांवर पांघरलेलं विणलेलं वस्त्र. आई गेल्यावर तिउर्माने ते कधी पार्लिनच्या कपाटात ठेवलं नव्हतं. शेवटच्या रांगेत बसून ती पुढच्या डोक्यांमधून आमांगचं पांढरं डोकं बघत राहिली. मधेच ते वळले. तेन्रीने जाऊन त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी काळजीने मान डोलावली आणि लास्माला हात हलवून दाखवला. लास्मानेही हलवला.

विमान खाली येऊ लागलं. तिउर्माला उतरायची घाई होती आणि उतरूच नये असंही वाटत होतं. चाकं टेकली, सगळे उठले, कप्पे उघडायचे खटाखट आवाज आले. पांढरं डोकं उठून उभं राहिलं. आमांग तिची पिशवी काढत होते. मागचं दार काही उघडेना. बाहेर कुणीतरी काही ठोकत होतं. आमांग पिशवी छातीशी धरून माणसांतून मागे यायला लागले. "जरा वाट द्या, माझी माणसं मागे आहेत, जरा वाट द्या."

दार उघडलं. उन्हाचा झोत आत आला.

तिउर्मा लास्माला उचलून शिडीवरून धावली. बसमध्ये ती चढणारी पहिलीच. बस मात्र भरल्याशिवाय हलायची नव्हती. एकेक माणूस सावकाश उतरत होता, कुणी मोबाइल बघत, कुणी आळस देत. ती दांड्याला धरून पाठमोरी उभी राहिली. मागून हाक आली. "इनांग! हुतासोइतांच्या लेकी! अगं, पोरीचे बूट!"

लास्मा वळून म्हणाली, "ओप्पुंग आजोबा बोलावतायत."

"बघू नको."

दारं फस्सकन मिटली. बस सुटली.

आत गेल्यावर ती सरळ चालली. डावीकडे पाटी होती, तिकडे तिने पाहिलंही नाही. बाहेर पडल्यावर नमाजाची खोली सापडली. दुपारच्या नमाजाची वेळ. बाहेर चपलांचा ढीग, आत पांढऱ्या झग्यांतल्या बायकांच्या रांगा. ख्रिस्ती बाई, आयुष्यात अशा खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. बूट काढून ती भिंतीशी, अगदी कोपऱ्यात टेकली. लास्मा तर अनवाणीच होती. एका म्हातारीने नमाज आटोपून त्यांच्याकडे पाहिलं आणि कुजबुजली, "झगा हवाय का, बेटी? माझं झालंय."

"नको. मी फक्त बसलेय."

"बस की. देवाच्या घरात बसायला मनाई थोडीच आहे."

आणि मग भोंग्यातून आवाज आला. आधी ठणठण घंटा, मग बाईचा गोड, संथ स्वर. जकार्ताला जाणाऱ्या प्रवासी तिउर्मा हुतासोइत यांनी आपल्या दाराशी तातडीने यावं. त्यांचे नातेवाईक वाट पाहत आहेत.

"ओमाक!" लास्मा आनंदाने ओरडली. "तुझं नाव! तुझं नाव घेतलं!"

खोलीतल्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. तिउर्माने पोरीच्या तोंडावर हात ठेवला. हाताखाली पोरीचा श्वास गरम लागत होता. पुन्हा नाव आलं. पुन्हा. दर वेळी ते भिंतींवरून घरंगळत तिच्याकडे येत होतं. मघाची म्हातारी उठली, तिउर्मापाशी आली, काही न विचारता आपला पांढरा झगा तिच्या डोक्यावरून घातला आणि दाराच्या नि तिच्या मधे पाठ करून बसली.

बाहेर पुरुषाची पावलं वाजली. थांबली. "आत कुणी बटाक बाई आहे का? लहान मुलगी आहे सोबत." आमांगचाच आवाज, धाप लागलेला.

म्हातारीने मागे न बघता ठणकावलं, "ही बायकांची खोली आहे, बाबा. लाज नाही वाटत?"

पावलं घुटमळली. मग दूर गेली. तिउर्मा हालली नाही. नाव यायचं थांबलं तरी हालली नाही. आमांग विमानाने गेले की मागेच राहिले, हे कळायला मार्ग नव्हता. बायका आल्या, गेल्या. लास्मा मांडीवर झोपली. म्हातारीलाही आपल्या विमानाला जायचं होतं. झगा तिच्याकडेच सोडून ती गेली, नावही न सांगता. मग दारात एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई येऊन उभी राहिली आणि एकेका चेहऱ्याकडे बघू लागली. तिउर्माने डोळे मिटून घेतले.

"विमानातली ती तूच का गं?" बाई म्हणाली. "मी सओदा. तेन्रीची आई. ऊठ, बाहेर रिक्षावाला कटकट करतोय."

सओदाच्या फोनवरून तिने तुलांगना कळवलं; त्यानंतरचं सगळं तिउर्माला दुसऱ्यांकडून कळलं. आमांग जकार्ताला उतरले ते हातात पिशवी घेऊन, एकटेच. पार्लिन दारात हसत उभा होता. लोकांसमोर तो हसतच राहिला. त्यांना आपल्या टॅक्सीत बसवलं, दार लावलं, आणि मग सत्तरीच्या माणसाची गचांडी धरून हळू आवाजात विचारलं, "कुठे ठेवलीत तिला?" ड्रायव्हर होता म्हणून बरं. त्याने गाडी थांबवली आणि म्हाताऱ्याला उतरवलं. पार्लिन तसाच विमानतळावर मागे फिरला आणि त्याच रात्री मेदानला पोचला. तुलांगच्या अंगणात तो कितीतरी दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. तुलांग त्याला चहा नेऊन देत आणि उंबरा ओलांडू देत नसत.

आमांगनी तुलांगना फोन केला. "तिने मला सांगितलं होतं," एवढंच ते पहिल्यांदा बोलू शकले. जयापुराला परतल्यावर एका रविवारी, सगळे जमलेले असताना, ते उठून उभे राहिले आणि टॅक्सीत काय झालं ते सांगितलं. काहींनी मानलं, काहींनी नाही. पार्लिन आता त्या चर्चमध्ये गात नाही, एवढं खरं.

तिउर्मा मारोसलाच राहिली. सओदा आजींच्या घराशेजारी पावाची भट्टी आहे, नारळाचा गोड लगदा भरलेला पाव मिळतो तिथे. पहाटे पीठ मळायला ती जाते. लास्मा शाळेत जाते. घरावरून विमानं इतक्या खालून जातात की ताटं हलतात. पहिले काही महिने दर विमानाला तिउर्मा कामाचे हात थांबवायची. हे पूर्वेकडून आलं की पश्चिमेकडून, कोण असेल आत, हे मोजत बसायची. अजूनही कधी कधी थांबवते.

पुढच्या वर्षी नानतुलांग, तिची मामी, भेटायला यायची ठरली. जकार्ताचंच विमान. तिउर्मा विमानतळावर गेली ती लास्माला सओदा आजींकडे ठेवून, तोंडाला मास्क लावून, खांबाआड उभी राहिली. दार उघडलं की पहिल्यांदा पुरुष बाहेर यायचे. उंच, रुंद खांद्यांचे, पार्लिनसारखी चाल असलेले. प्रत्येकाला ती खांबामागे सरकायची. गर्दी सरत आली तरी नानतुलांग दिसेना. तिला वाटलं, झालं. हे सगळं बोलावणंच खोटं होतं. तो मागे कुठेतरी उभा आहे. ती जायला वळली.

"ए तिउर्मा! कुठे चाललीस?" पाठीमागून आवाज आला. "आणि हे तोंड काय बांधलंयस दरोडेखोरासारखं? ये इकडे, हे खोकं उचल. मासे शिजवून आणलेत, वाटेत सांडले की काय बघ आधी."

खोक्यातून हळदीचा आणि आंदालीमानच्या झणझणीत मिऱ्यांचा वास येत होता. तिउर्मा खोक्यापाशी खाली बसली. झाकण उघडायला गेली तर दोरीची गाठ सुटेना.

"राहू दे," नानतुलांग तिच्या शेजारी जमिनीवरच बसकण मारून म्हणाली. "मी सोडते. किती वेळ उभी होतीस गं?"